१७६८ चा पेन्सिल्व्हेनिया गॅझेट, ९ महिन्यांनंतर: कागद एक नंबर, सेलोटेपने वाट लावली

गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन एका डीलरकडून पेन्सिल्व्हेनिया गॅझेट या फिलाडेल्फियाच्या जुन्या वर्तमानपत्राचा १७६८ चा एक अंक घेतला, १८५ डॉलर अधिक १४ शिपिंग. आज लिहायला बसलो कारण काल डीलरचं शेवटचं उत्तर आलं, रिफंड मिळणार नाही, ३० दिवसांची मुदत संपली. लिस्टिंगमध्ये कंडिशन 'व्हेरी गुड', फोटो फक्त पान १ आणि ४ चे, आणि आतल्या घडीवर वीतभर सेलोटेप! मी आल्या आल्या बाहेरून बघून थेट फ्रेम करून घेतला, ती चूक माझी. इथे न्यू जर्सीत जुलैची दमट हवा सुरू झाली, फ्रेममधला कागद लाटांसारखा फुगला म्हणून उघडलं, तेव्हा हे कळलं.

राग कशाचा येतो सांगतो. कागद २५० वर्षांचा, सुती-लिननच्या चिंध्या कुटून बनवलेला, अजून मऊ आहे, दुमडला तरी तुटत नाही. आपल्या घरातले ६०-७० वर्षांपूर्वीचे पेपर बघा, लाकडाच्या लगद्याचे, हात लावला की तुकडे पडतात. आणि या कागदाला कोणीतरी गेल्या शतकात दहा पैशांची चिकटपट्टी लावली, तिचा गोंद आत मुरून तपकिरी, तेलकट डाग पडला तो आरपार. स्वतः ओढून काढायला जाऊ नका, वरचा थर सोलून येतो. एका कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणाऱ्याला, विचारलं, त्याने अंकाच्या किमतीपेक्षा जास्त सांगितले, तो विषय तिथेच संपला.

डाग पडलाय तोही नेमका कुठे, तर पान ३ वर पळून गेलेल्या एका नोकराच्या जाहिरातीवर. वय, उंची, चामड्याची विजार, बुटांचे बकल सगळं वाचता येतं, फक्त पकडून देणाऱ्याला बक्षीस किती तो आकडा डागाखाली. टॉर्च लावला, भिंग लावलं, मोबाइलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला, नाहीच. महिनाभर मी त्या एका आकड्याच्या मागे होतो.

आधी या रिव्ह्यूला 'घेऊ नका' असंच नाव देणार होतो. पण परवा अंक खिडकीशी उजेडात धरला आणि कागदातल्या जाळीच्या आडव्या-उभ्या रेघा दिसल्या, पानाच्या मागून बोट फिरवलं तर छपाईच्या खिळ्यांचा (टायपांचा) उठाव लागतो, लाकडी हातप्रेसवर दाबलेला. एस हे अक्षर एफसारखं दिसतं म्हणून पहिले दोन दिवस वाचायला त्रास होतो, मग सवय होते. १७६७ च्या टाउनशेंड कायद्यांनी ब्रिटनने अमेरिकन वसाहतींत येणाऱ्या चहा, काच यांच्यासोबत बाहेरून येणाऱ्या कागदावरही कर लावला होता, म्हणजे लोक ज्या करांविरुद्ध पेटले होते त्या काळातला कागदच माझ्या हातात आहे. आणि माल उतरल्याच्या, घरं भाड्याने देण्याच्या जाहिरातींच्या शेजारी, त्याच टायपात, माणसं विकायची जाहिरात. ती वाचल्यावर मी अंक खाली ठेवला आणि बराच वेळ काही केलं नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी, गाजलेल्या तारखांच्या मागे लागू नका. स्टॅम्प ॲक्टच्या (छापील कागदांवरच्या ब्रिटिश कराच्या) निषेधाचा १७६५ चा काळ्या बॉर्डरचा पेनसिल्व्हेनिया जर्नल किंवा १२ मार्च १७७० चा, बॉस्टनच्या गोळीबारात मेलेल्यांच्या शवपेट्यांची चित्रं असलेला बॉस्टन गॅझेट परवडत नाही, आणि स्वस्तात मिळाला तर बहुतेक नंतर छापलेली नक्कल असते. साध्या आठवड्याचा अंक घ्या. चारही पानांचे फोटो मागा, घडीचे वेगळे मागा, देत नसेल तर सोडून द्या. डावीकडे शिवणीची भोकं असली तर घाबरू नका, बांधलेल्या खंडातून सुटा केलेला असतो. फ्रेमवर माझे १२० डॉलर गेले, मधे माउंट (कागद आणि काचेत अंतर ठेवणारा पुठ्ठा) नाही, कागद ॲक्रिलिकला टेकलेला, वर उजेडाने कागद खराब होतो ते वेगळंच. आता मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात, मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा, कपाटात आडवा ठेवलाय, खर्च ११ डॉलर. हेच आधी करायला हवं होतं.

बायको म्हणाली, अरे अशा जाहिराती एकदाच थोडीच छापत असतील. खरंच की! पुढच्या आठवड्याच्या अंकाचं स्कॅन लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर काढलं, तीच जाहिरात, तीच विजार, तेच बकल. ४० शिलिंग. आकडा पेन्सिलने चिठ्ठीवर लिहून पाकिटामागे ठेवलाय.