दगड घडवायला शिकताय? पेटी मागवण्याआधी बाटली शोधा

दगडाची अवजारं घडवायला शिकणाऱ्यांसाठी मिश्र दगडांची पेटी मिळते, ती मी मागवली. पेटी वाईट नाही. पण हात बसायच्या आधी घेऊ नका, कारण चांगला दगड बघता बघता चुरा होतो आणि आपलं नेमकं काय चुकलं तेही कळत नाही. सुरुवात काचेवर करा.

जाड बुडाची रिकामी बाटली फुकट मिळते. तिच्यात एक लांब, जड खिळा टाका, बाटली जाड फडक्यात गुंडाळा, गळा घट्ट धरा आणि वरखाली जोराचे हिसके द्या. बूड चकतीसारखं सुटून येतं. काच, ज्वालाकाच (ज्वालामुखीतून निघालेली नैसर्गिक काच) आणि चकमकीचा दगड फुटतात एकाच तऱ्हेने: दाब पडतो तिथून शिंपल्यासारख्या लाटा उमटवत टवका निघतो. म्हणून काचेवर बसलेला हात दगडावर कामी येतो. आणि काच म्हणजे कमअस्सल, असं अजिबात मानू नका. 1911 नंतर कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयात राहिलेला ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीचा इशी बाटलीच्या काचेची देखणी बाणाग्रं करायचा. ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्लीचे आदिवासी कारागीर तर बाटल्यांबरोबर तारेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटरही वापरत.

खिडकीच्या जाड काचेचे उरलेले तुकडेही चालतात, पण टफन्ड काच नको, तिचे एका फटक्यात दाणे होतात. कापलेल्या काचेची कड काटकोनी असते. तिच्यावर थेट जोर लावला तर कड नुसती चुरडते. आधी दोन्ही बाजूंनी बारीक कपच्या काढून कड उतरती करायची, मग ती खरबरीत दगडावर घासून बोथट करायची, आणि मगच टवका काढायला दाब द्यायचा. हे घासणं नवशिके हमखास टाळतात. धारदार कड छान दिसते, पण तिला दाब पेलत नाही, टवका मध्येच तुटतो.

पुढची पायरी म्हणजे फुटलेल्या कमोडच्या टाकीचं झाकण. ऐकायला कसंतरी वाटेल, पण ही चिनी माती काचेपेक्षा चिवट असते आणि तिला लागणारा जोर चर्टच्या, म्हणजे चकमकीच्याच जातीच्या कठीण दगडाच्या, जवळ जातो. कौलं किंवा मातीची भांडी नेऊ नका, ती भुसभुशीत असतात.

आता पेटीबद्दल. ज्वालाकाचेचे तुकडे उत्तम होते, काळेभोर, आत एकही बुडबुडा नाही. भाजलेला, म्हणजे टवके सहज निघावेत म्हणून तापवलेला, चर्टही खरा निघाला. तो ओळखायची खूण सांगते: बाहेरून मंद दिसणारा तुकडा फोडला की आतला ताजा भाग तेलकट चमकतो. हा चर्ट 200 ते 350 अंश सेल्सिअसपर्यंत, जातीनुसार, अगदी हळू तापवून तितकाच हळू थंड केलेला असतो. घाई झाली तर पृष्ठभागावरून वाटीसारखे खळगे उडतात. माझ्या एका तुकड्यावर असे खळगे होते. न भाजलेले चर्टचे दोन मोठे गोळे मात्र नवशिक्याच्या पेटीत कशाला, ते मला समजलं नाही. बाहेरची जाड साल काढताना निम्मं वजन जातं, आणि तो फोडायला लागणारा हात नव्या माणसाकडे नसतो. वजनावर भाव असतो, त्यामुळे सालीचेही पैसे आपणच मोजतो. विक्रेत्याला विचारलं, तर फक्त फोडलेले तुकडे वेगळे देत नाही म्हणाला. तुम्ही घेताना फोडलेले, चपटे तुकडे देणाराच शोधा. हातात आल्यावर प्रत्येक तुकडा दुसऱ्या दगडाने हलकेच वाजवून बघा: खणखणला तर सलग, भद्द वाजला तर आत चीर आहे.

पेटीतली अवजारं न घेताही चालतं. दाब द्यायला लाकडी मुठीत बसवलेली जाड तांब्याची तार, ठोकायला हातात मावणारा नदीतला गोटा, कड घासायला ग्राइंडरच्या झिजलेल्या चाकाचा तुकडा आणि तळहातावर धरायला जाड चामडं, एवढ्यावर भागतं. तार बोथट होते, म्हणून कानस जवळ ठेवा. ठोकण्यासाठी तांब्याच्या टोपीत शिसं ओतलेला दांडा देतात, त्यापेक्षा भरीव तांब्याचा घ्या.

पेटीबरोबरच्या कागदावर धुळीबद्दल एक ओळ नव्हती, याचा मला खरा राग आहे. चर्टची धूळ श्वासातून जात राहिली तर सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो, आणि तो बरा होत नाही. उघड्या हवेत बसा, चांगला धूळरोधक मास्क आणि चष्मा लावा, जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. खाली ताडपत्री अंथरली की कपच्या गोळा होतात. त्या जाड डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून टाका. जुन्या वसाहतीच्या जागी किंवा शेतात तर मुळीच फेकू नका. पायात घुसतात हे एक, आणि उद्या कुणी अभ्यासक तिथे आला, तर आपला कचरा त्याला प्राचीन वाटायचा.