वेलनेस कमिटी, एचआर की बाहेरची एजन्सी?

कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काही करायचं ठरलं की व्यवस्थापनासमोर तीन पर्याय येतात: एचआरमधल्या एकावर जबाबदारी टाकायची, बाहेरच्या एजन्सीला कंत्राट द्यायचं किंवा कर्मचाऱ्यांमधूनच समिती नेमायची. बहुतेक ठिकाणी निवड खर्चावरून होते. त्याआधी त्रास कशामुळे होतोय आणि ते कारण दूर करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहायला हवं.

पॅकिंग विभागाचंच घ्या. उभ्याने काम करणाऱ्या तिघाचौघांची कंबर दुखते. एजन्सी पाठीच्या व्यायामाचं सत्र ठेवेल, एचआर 'बसण्या-उठण्याची योग्य पद्धत' असा मेल पाठवेल. पण दोष टेबलाच्या उंचीत असतो. उभ्याने करायच्या हलक्या कामाला टेबल कोपराच्या १० ते १५ सेंटीमीटर खाली लागतं, जोर लावायच्या कामाला १५ ते ४० सेंटीमीटर खाली आणि बारीक कामाला उलट ५ ते १० सेंटीमीटर वर. पॅकिंगवाला, मेंटेनन्सवाला आणि सुपरवायझर एकाच बैठकीत असतील, तर बुटक्या टेबलाच्या पायांखाली ठोकळे बसवायचं तिथेच ठरतं. उंच-ठेंगणी माणसं एकच टेबल वापरत असतील तर टेबल उंच माणसाच्या मापाने बसवायचं आणि ठेंगण्याला पायाखाली फळी द्यायची. समितीचा खरा फायदा हा.

एजन्सी काही कामं निर्विवादपणे चांगली करते: आरोग्य तपासणी, लसीकरण आणि विशेषतः गोपनीय समुपदेशन. शेजारच्या टेबलावरच्या माणसापाशी कोणी आपलं नैराश्य उघड करत नाही, आणि करावंही लागू नये. मात्र नुसत्या पॅकेजवर फार भिस्त ठेवू नये. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकन किरकोळ विक्री साखळीतला प्रयोग प्रसिद्ध झाला. १६० पैकी २० ठिकाणी वेलनेस कार्यक्रम राबवला होता. दीड वर्षानंतर तिथले कर्मचारी 'नियमित व्यायाम करतो', 'वजनाकडे लक्ष देतो' असं जास्त प्रमाणात सांगत होते. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रजा आणि वैद्यकीय खर्च यांत मात्र लक्षणीय फरक नव्हता. अमेरिकेतल्याच इलिनॉय विद्यापीठातल्या अशा अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांचा वैद्यकीय खर्च आधीपासूनच कमी होता. पावलं मोजायच्या स्पर्धेत पहिला नंबर रोज चालणाऱ्याचाच येतो, तो असा.

एचआरकडे काम दिलं की सुरुवात लवकर होते, मंजुऱ्या पटकन मिळतात. अडचण दोन ठिकाणी येते. पगारवाढ आणि रजा ज्यांच्या हातात, त्यांच्यापुढे ताणाबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आणि भरती किंवा मूल्यमापनाचे दिवस आले की वेलनेसचं कॅलेंडर गुंडाळलं जातं. तरीही पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर हाच पर्याय पुरेसा आहे. तेवढ्यांसाठी समिती म्हणजे उगाच कागद वाढवणं. मालकापर्यंत थेट जाऊ शकेल अशी एक व्यक्ती नेमा.

सुरक्षा समिती आधीपासून असेल तर तिच्याच विषयपत्रिकेत आरोग्याचा विषय घालणं सोपं पडतं, पण तो बैठकीच्या सुरुवातीला घ्या. शेवटी ठेवला की अपघात आणि अग्निशामकांच्या चर्चेतच वेळ संपतो.

स्वतंत्र समिती नेमणार असाल तर सहा ते दहा माणसं बस झाली. प्रत्येक पाळीचा, प्रत्येक विभागाचा एक जण हवा. कंत्राटी कामगारही हवा, कारण सगळ्यात अवघड काम बहुधा त्याच्याच वाट्याला येतं. शिवाय मेंटेनन्सचा एक, एचआरचा एक आणि खर्चावर सही करू शकणारा एक. वरिष्ठ अधिकारी पाठीशी असावा, अध्यक्षपदी नको. तो बोलला की बाकीचे गप्प बसतात. कामाच्या वेळेतले महिन्याला चार तास सदस्यांना लेखी द्या. मुदत एक वर्षाची, पण सगळे एकदम बदलू नका, निम्मे निम्मे बदला. न विचारता खर्च करता येईल अशी थोडी रक्कमही हवी, नाहीतर समिती नुसती सूचनापेटी होते.

समित्या बिघडतात त्या ठरावीक कारणांनी. दुपारी चारची बैठक रात्रपाळीवाल्याच्या झोपेच्या वेळी येते, तो दुसऱ्या महिन्यापासून गळतो. आधीच व्यायाम करणारे हौशी लोक जमतात आणि कार्यक्रमही त्यांच्याच आवडीचे होतात. वाढदिवस आणि सहलींचं आयोजन हळूच गळ्यात पडतं (हे सगळ्यात जास्त वेळा घडतं). वजन घटवण्याची बक्षिसं लावली की लठ्ठ माणूस सगळ्यांच्या नजरेत येतो. पाहणी केली आणि निकाल कळवलाच नाही, तर पुढचा फॉर्म कोणी भरत नाही. आठ-दहा प्रश्न पुरेत, निकाल दोन आठवड्यांत फलकावर लावा आणि दहापेक्षा कमी माणसांच्या गटाचे आकडे वेगळे दाखवू नका. उत्तर कोणाचं ते लगेच ओळखू येतं. तपासणीचे वैयक्तिक अहवाल समितीच्या हाती कधीच पडता कामा नयेत.

यश मोजताना कार्यक्रमांचा हजेरीपट बाजूला ठेवा. किती तक्रारी निकाली निघाल्या, ओव्हरटाइम किती, किरकोळ दुखापती किती, नोकरी सोडणारे किती, हे बघा. आजारपणाच्या रजा कमी करणं हे उद्दिष्ट मात्र ठेवू नका. लोक ताप अंगावर काढून येतात आणि शेजाऱ्यालाही देतात.

मोठ्या ठिकाणी मिश्र व्यवस्था चांगली चालते: काय बदलायचं ते समिती सुचवते, तपासणी आणि समुपदेशन एजन्सी करते, अंमलबजावणी एचआर बघतं. पण पाळ्या, कामाचा बोजा आणि सुट्ट्यांच्या वेळा यांना हात लावायचाच नाही असं व्यवस्थापनाने ठरवलेलं असेल, तर समिती नेमू नका. एजन्सीचं समुपदेशन घ्या आणि तेवढंच देतोय असं लोकांना स्पष्ट सांगा.