टॉर्क गुणांकासाठी संदर्भ लांबी: त्रिज्या घ्यावी की व्यास?

उभ्या अक्षाच्या पवनचक्कीचं सिम्युलेशन करताना मेशवर (हवेच्या जागेचे गणितासाठी केलेले बारीक तुकडे) आपण आठवडे घालवतो आणि संदर्भ मूल्यं, म्हणजे टॉर्कला (फिरवणाऱ्या जोराला) भागून एककरहित टॉर्क गुणांक काढायला लागणारे क्षेत्रफळ, लांबी, वेग आणि घनता, मात्र घाईत भरून टाकतो. त्यातल्या क्षेत्रफळाबद्दल फारसा वाद नाही. रोटर जेवढा वारा अडवतो तेवढं क्षेत्रफळ, म्हणजे व्यास गुणिले उंची. द्विमितीय मॉडेलमध्ये उंची १ मीटर धरायची. अडतं ते लांबीपाशी.

व्यासाची बाजू लंगडी नाही. ड्रॉइंगवर व्यासच लिहिलेला असतो, रेनॉल्ड्स अंकही (प्रवाहाचा वेग, वस्तूचा आकार आणि हवेचा चिकटपणा यांचा मेळ सांगणारा आकडा) बरेचजण व्यासावरूनच काढतात. एकाच आकाराचे चार रोटर एकमेकांशी ताडून पाहायचे असतील तर व्यास धरूनही क्रम तोच लागतो. तेवढंच काम असेल तर व्यास खुशाल घ्या.

माझं घोडं अडलं ते पॉवर गुणांकापाशी, म्हणजे वाऱ्यातल्या ऊर्जेचा किती वाटा रोटर घेतो त्या आकड्यापाशी. जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीसाठी मी एक छोटा डॅरियस रोटर (विमानाच्या पंखासारख्या छेदाची पाती असलेला उभ्या अक्षाचा रोटर) मांडला होता, व्यास बरोबर १ मीटर. सॉफ्टवेअरमध्ये क्षेत्रफळ १ आणि लांबी १ आधीपासूनच भरलेली होती. वेग आणि घनता इनलेटवरून (मॉडेलमध्ये वारा आत येतो त्या कडेवरून) घेतली, क्षेत्रफळ जुळतंय हे पाहिलं आणि पुढे गेलो. टिप स्पीड रेशो (पात्याच्या टोकाचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) २.५ ला टॉर्क गुणांक आला ०.०६. त्याला २.५ ने गुणलं, पॉवर गुणांक ०.१५. मला वाटलं, पातंच वाईट आहे. मेश बारीक केली, टर्ब्युलन्स मॉडेल बदललं, टाइम स्टेप निम्मी केली. मे महिना होता. दिवसा कॉम्प्युटर तापून बंद पडायचा, म्हणून रात्री रन लावून पहाटे उठून आकडे बघायचो. दोन आठवडे असे गेले. पातं चांगलंच होतं. लांबीच्या रकान्यात त्रिज्या, म्हणजे ०.५, घालायला हवी होती. मग टॉर्क गुणांक ०.१२ आणि पॉवर गुणांक ०.३०.

संदर्भ मूल्यांतला वेग सॉफ्टवेअरने भरलेला १ तसाच राहिला असता आणि इनलेटला ८ मीटर प्रति सेकंद असता, तर गुणांक ६४ पट फुगला असता आणि चूक त्याच दिवशी सापडली असती. पॉवर गुणांकाने बेट्झची ०.५९३ ही मर्यादा (वाऱ्यातून जास्तीत जास्त तेवढाच वाटा काढता येतो) ओलांडली की कुणीही दचकतो. दुपटीची चूक मात्र शहाण्यासारखी दिसते. ०.१५ हा आकडा साधारण पात्याला शोभतो, म्हणून त्याच्यावर संशय जात नाही.

त्रिज्या धरली की टिप स्पीड रेशो गुणिले टॉर्क गुणांक म्हणजे थेट पॉवर गुणांक. व्यास धरला की मधे २ येतो, आणि तो २ लक्षात ठेवायची जबाबदारी कायम आपल्यावर. सॅव्होनियसवाल्यांच्या (अर्ध्या पिंपासारख्या पात्यांच्या रोटरवर काम करणाऱ्यांच्या) सूत्रात व्यासाचा वर्ग दिसतो म्हणून पुष्कळजण फसतात. अंशात ४ आणि छेदात व्यासाचा वर्ग, पण मोडून पाहिलं तर क्षेत्रफळ व्यास गुणिले उंची आणि लांबी त्रिज्याच निघते. व्यासावर गुणांक काढणारेही असतील. मी ताडून पाहिलेले बहुतेक आलेख मात्र त्रिज्येवरच जुळले.

पात्याची कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) लांबी म्हणून घेणं एकट्या एअरफॉइलला (पात्याच्या छेदाला) ठीक आहे, फिरणाऱ्या रोटरला नको. गुणांक बाजूला ठेवून नुसता टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये नोंदवणं हा तिसरा रस्ता मला मनापासून आवडतो, कारण त्यात संदर्भ लांबीचा संबंधच येत नाही. टॉर्क गुणिले कोनीय वेग केलं की वॉट मिळतात. मी शेवटच्या पूर्ण फेरीची सरासरी घेऊन तो ताळा करतोच. पण दुसऱ्यांच्या आलेखाशेजारी आपला आलेख ठेवायचा तर गुणांक लागतोच.

घनतेचं एक राहिलं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो. अशा दुपारी हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो नसते, १.०७ च्या आसपास येते. गच्चीवर खरोखर किती वॉट मिळतील हे पाहायचं असेल तर ती जरूर बदला, पण हवेच्या गुणधर्मात आणि संदर्भ मूल्यांत दोन्हीकडे. एकीकडेच बदललीत तर गुणांक तेरा-चौदा टक्क्यांनी सरकेल, आणि तोही आकडा असाच शहाण्यासारखा दिसेल.

आता प्रत्येक रनच्या फाइलच्या नावातच मी त्रिज्या, वेग आणि घनता लिहितो.