जयपूरची ब्लू पॉटरी: आठ महिन्यांत काय टिकलं, काय गेलं

डिसेंबरात जयपूरला गेले होते तेव्हा एका छोट्या कारखान्यातून ब्लू पॉटरीच्या सात वस्तू उचलल्या. एक मोठी थाळी, एक फुलदाणी, झाकणाचा डबा आणि कपाटाच्या खणांना लावायच्या चार मुठी. हाताने घडवलेली भांडी मी बरीच वर्षं जमवतेय, त्यामुळे यातलं आपल्याला कळतं असा समज होता. थाळी फुटली तेव्हा तो उतरला.

फुटली माझ्याच हातून. धुताना कड नळाला लागली, टक्क झालं आणि हातात अर्धीच राहिली. नवऱ्याने एक शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं. तुकडे गोळा करताना मात्र नजर अडकली. मातीचं भांडं फुटलं की आतून लाल नाहीतर करडं दिसतं. हिचा गाभा पांढरा आणि रवाळ, साखरेचा खडा फोडावा तसा. नखाने खरवडलं तर कण सुटून आले.

कारखान्यात कारागिराने सांगितलेलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. यात कुंभाराची चिकणमाती नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, जराशी मुलतानी माती, टाकणखार (बोरॅक्स) आणि डिंक यांची कणीक मळतात. तिला ताण नसतो, म्हणून अख्खं भांडं चाकावर उभं राहत नाही. पोळीसारखी लाटून साच्यात दाबतात. गळा किंवा पाय तेवढा चाकावर काढून जोडतात. भाजणी एकदाच, साधारण 800 ते 850 अंशांना. स्टोनवेअर, म्हणजे घट्ट, पक्क्या भाजणीची मातीची भांडी, 1200 अंशांच्या पुढे भाजतात. म्हणजे माझ्या रोजच्या स्टोनवेअरच्या मगांसारखी ही थाळी मी वापरत होते, चूक तिथेच होती.

फुलदाणीचा अनुभवही तसाच. ताजी फुलं ठेवली, पाणी बदलत राहिले आणि महिन्याभरात बुडाच्या झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसलेल्या कडेला ओल धरली, मग पांढरी पूड दिसायला लागली. आता आत काचेची बरणी बसवून तिच्यात पाणी घालते. चार महिने झाले, पूड नाही.

डब्याबद्दल तक्रार वस्तूची नाही, विकणाऱ्याची आहे. ‘काहीही ठेवा, चालतं’ म्हणाले. या झिलईत पारंपरिक पद्धतीने शिसं वापरतात, आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात. शिसंविरहित झिलईच्या वस्तूही आता मिळतात, पण माझा डबा त्यातला आहे का, याचं उत्तर दोनदा विचारूनही मिळालं नाही. त्यामुळे त्यात लोणचं नाही, सुईदोरा आहे. खायच्या कामाला घेणार असाल तर हे आधी विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या.

मुठी मात्र एकदम बेस्ट! दिवसातून वीस वेळा ओढल्या जातात, एकीलाही ओरखडा नाही. फक्त स्क्रू हाताने आवळा. सुताराने पकडीने पिळला असता तर फुटलीच असती.

आणि रंग. फुलदाणी आठ महिने पश्चिमेच्या खिडकीत उन्हात आहे, निळा तसूभर उतरलेला नाही. तो कोबाल्ट ऑक्साइडचा, फिरोजी तांब्याच्या ऑक्साइडचा, आणि दोन्ही झिलईच्या खाली. कारखान्यात कच्च्या भांड्यावरच्या रेघा मळकट काळ्या दिसत होत्या. भाजल्यावर काय निळं होईल ते मनात धरून कारागीर काळ्यात रंगवतो, हे मला अजून अजब वाटतं. एका पाकळीवर कुंचला थांबला तिथे निळा दाट झालाय. माझ्यासाठी ती फुलदाणीची सही. कारण बुडावर कारखान्याचा शिक्का आहे, रंगवणाऱ्याचं नाव नाही.

जमवणाऱ्यांसाठी एक सांगते. जयपूरचे महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, ही कला जयपुरात रुजली, पण विसाव्या शतकाच्या मध्यावर जवळजवळ बंद पडली होती. चित्रकार कृपालसिंह शेखावत यांनी ती पुन्हा उभी केली. 1974 साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणून आज दुकानात दिसतं त्यातलं बहुतेक या पुनरुज्जीवनानंतरचं. कुणी ‘शंभर वर्षं जुनं’ म्हणून हातात ठेवलं तर आधी संशय घ्या.

थाळीचा एक तुकडा ठेवलाय. ‘मातीचीच ना ही?’ असं कुणी विचारलं की तो उलटा करून दाखवते.