फर्स्ट अँगल की थर्ड अँगल: वर्कशॉपसाठी कोणती पद्धत धरावी?

फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगल या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये वस्तूचे व्ह्यू, म्हणजे समोरून, वरून आणि बाजूने दिसणारी चित्रं, कागदावर मांडायच्या दोन पद्धती. डिप्लोमा किंवा आयटीआय करत असाल आणि प्रश्नात वेगळं काही सांगितलं नसेल, तर सरळ फर्स्ट अँगल वापरा. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी 46 या शाळा-कॉलेजांसाठीच्या ड्रॉइंगच्या पुस्तिकेत तीच पद्धत आहे. खरा पेच पडतो तो स्वतःचं वर्कशॉप टाकणाऱ्याला आणि कॅडमध्ये टेम्प्लेट बनवायला बसलेल्या ड्राफ्ट्समनला.

व्ह्यू दोन्हीकडे तेच असतात, फक्त त्यांची जागा बदलते. फर्स्ट अँगलमध्ये जॉब, म्हणजे वस्तू, ही बघणारा आणि प्लेन (ज्यावर व्ह्यू उमटतो तो काल्पनिक सपाट पडदा) यांच्या मधे असते. म्हणून टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो आणि डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे. थर्ड अँगलमध्ये प्लेनच मधे येतं, त्यामुळे टॉप व्ह्यू वर आणि डावी बाजू डावीकडेच. सेकंड आणि फोर्थ अँगल वापरत नाहीत, कारण प्लेन उलगडल्यावर व्ह्यू एकमेकांवर चढतात.

आता 600 मिमी लांबीचा शाफ्ट घ्या, डाव्या टोकाला की-वे (चावी बसवायची खाच) असलेला. थर्ड अँगलमध्ये त्या टोकाचा व्ह्यू टोकाला लागूनच असतो. खाचेची रुंदी आणि खोली तिथल्या तिथे वाचता येते. फर्स्ट अँगलमध्ये तोच व्ह्यू शाफ्टच्या दुसऱ्या टोकापलीकडे जातो आणि ऑपरेटरला अख्खा कागद ओलांडावा लागतो. वाचायला थर्ड अँगल सोपा, हे माझं स्पष्ट मत आहे. तरी फर्स्ट अँगलमध्येही बाण दाखवून ‘व्ह्यू ए’ असं नाव दिलं, की तो व्ह्यू सोयीच्या जागी घेता येतो.

पण सोपेपणावर निर्णय घेऊ नका, गिऱ्हाईक बघा. अमेरिकन आणि जपानी कंपन्यांची ड्रॉइंग्ज थर्ड अँगलमध्ये येतात, जर्मन आणि इतर युरोपीय बहुधा फर्स्टमध्ये. ज्यांचं काम जास्त, त्यांची पद्धत आपल्या टेम्प्लेटला ठेवा. सगळं काम स्थानिक असेल आणि मशीनवरची मुलं आयटीआयमधून आलेली असतील, तर फर्स्ट अँगल बरा. आलेलं ड्रॉइंग मात्र आपल्या पद्धतीत पुन्हा काढायच्या भानगडीत पडू नका. एक बाजू चुकून फिरली तर उजव्या हाताच्या ब्रॅकेटऐवजी डाव्या हाताचा तयार होतो, आणि मापं सगळी बरोबर असल्यामुळे व्हर्नियर लावूनही ते कळत नाही.

म्हणून आधी टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं) छाटलेल्या शंकूचं चिन्ह बघा. दोन वर्तुळं शंकूच्या अरुंद टोकाशेजारी असतील तर थर्ड अँगल, रुंद टोकाशेजारी असतील तर फर्स्ट. सॉलिडवर्क्समध्ये शीट प्रॉपर्टीजमधून पद्धत बदलता येते, पण टायटल ब्लॉकमध्ये चिन्ह चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर ते आपोआप बदलत नाही. ते हाताने बदला आणि मगच प्रिंट काढा.