जुनी गंजलेली पिकअप: पूर्ण खोलून बांधावी की चालती ठेवून टप्प्याटप्प्याने सुधारावी?

महिंद्राच्या जीप घराण्यातली एखादी जुनी पिकअप किंवा १९८८ साली बाजारात आलेली टाटामोबाइल २०६ आज ज्या अवस्थेत हाती येते, ती बहुतेक वेळा सारखीच असते. इंजिन थोड्या खटपटीनंतर सुरू होते, हौद्याच्या तळातून जमीन दिसते, दारांचे खालचे काठ बोटांनी मोडतात आणि विकणारा ‘फक्त डेंटिंग-पेंटिंगचे काम आहे’ असे सांगतो. अशी गाडी मोजक्या पैशांत उभी करायची म्हटले की दोन मार्ग समोर येतात. पहिला मार्ग म्हणजे केबिन आणि हौदा चेसिसवरून उतरवून गाडी पूर्ण खोलणे, प्रत्येक भाग साफ करून, दुरुस्त करून पुन्हा बांधणे. दुसरा मार्ग म्हणजे गाडी चालती ठेवणे आणि ब्रेक, चेसिस, तळाचा पत्रा, दारे, रंग अशा क्रमाने, पैसे येतील तसतसे काम करत जाणे. पुढील आढावा या दोन मार्गांचा आहे. बजेट तंग असेल तर माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे, परंतु त्याला एक अट आहे आणि ती अट चेसिसची आहे.

या गाड्यांची बॉडी चेसिसपासून वेगळी असते. शिडीसारख्या रचलेल्या लोखंडी चेसिसवर केबिन आणि हौदा बोल्टांनी बसवलेले असतात. त्यामुळे पत्रा कितीही कुजलेला असला तरी तो बदलता येतो, मात्र चेसिस कुजली असेल तर गाडीचा कणाच गेलेला असतो. तपासणीसाठी महागड्या साधनांची गरज नाही. एक छोटी हातोडी, एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन गाडीखाली जावे. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्यांचे) हँगर आणि शॅकल, म्हणजे त्यांना धरणारे कंस आणि कड्या, जिथे चेसिसला रिव्हेट केलेले असतात ती जागा, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, क्रॉस मेंबरचे (चेसिसच्या लांब पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) सांधे आणि केबिनच्या बोल्टांखालच्या पट्ट्या या चार ठिकाणी हातोडीने हलके ठोके मारावेत. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, तर कुजलेल्याचा बद्द येतो आणि त्यातून पापुद्रे सुटतात. रिव्हेटने जोडलेल्या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत विशेष लक्ष द्यावे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, म्हणून तो आत साठला की पट्ट्या फुगून एकमेकींपासून दूर सरकतात. वरून मारलेला रंग ही फूग लपवू शकत नाही.

ही तपासणी निकाल देते. पाट्यांचे हँगर आणि स्टिअरिंगची बैठक शाबूत असेल आणि गंज केवळ पृष्ठभागावर असेल, तर टप्प्याटप्प्याचा मार्ग मोकळा आहे. एखाद-दुसऱ्या क्रॉस मेंबरला भोक असेल तर त्याची दुरुस्तीही बॉडी न उतरवता होते, कारण तिथपर्यंत खालून पोहोचता येते. मात्र चेसिसच्या लांब पट्टीला वरच्या बाजूने, म्हणजे केबिनच्या किंवा हौद्याच्या खाली झाकलेल्या भागात, कूज लागली असेल, तर बॉडी उतरवल्याशिवाय प्रामाणिक काम होत नाही. अशा वेळी खालून ठिगळ लावून देणारा कारागीर स्वस्त वाटतो, पण वरची कूज तशीच राहते. ठिगळ लावण्याचीही पद्धत आहे. चेसिसच्या पट्टीवर सरळ उभा जोड देऊ नये, कारण भार आल्यावर तडा त्याच रेषेत जातो. ठिगळाची टोके तिरकी कापून जोड लांबीच्या दिशेने पसरवावा. ज्या वेल्डरला ही गोष्ट सांगावी लागते, त्याच्याकडून चेसिसचे काम करून घेऊ नये.

दुसरी बाब कागदांची. ती गॅरेजमध्ये कोणी काढत नाही, पण पिकअपच्या बाबतीत तिच्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुने वाहन तीत बसते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे. परंतु ही सवलत दुचाकींना आणि प्रवासी वर्गातल्या, खासगी वापराच्या चारचाकींना आहे, तीही मूळ रूपात असलेल्या आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, ‘मालवाहू’ अशी नोंद असलेली पिकअप कितीही जुनी आणि कितीही देखणी असली, तरी ती या व्याख्येत बसत नाही. तिला मालवाहू वाहनाचेच नियम लागतात: ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र, शिवाय पर्यावरण कर. खासगी नोंद असलेल्या गाडीची नोंदणी मात्र १५ वर्षांनंतर ५ वर्षांच्या टप्प्यांनी नूतनीकृत होते. म्हणून गाडी घेण्याआधी आरसी हातात घेऊन तिचा वर्ग पाहावा आणि तो बदलता येईल का, हे संबंधित आरटीओत विचारून घ्यावे. नोंदणी रद्द झालेल्या गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. ती दुसऱ्या गाडीसाठी सुट्या भागांचे भांडार म्हणूनच घ्यावी.

कागदांचा संबंध मार्गाच्या निवडीशीही आहे. पूर्ण खोलणीत चेसिस घासली जाते किंवा सँडब्लास्ट केली जाते, म्हणजे वाळूच्या जोरदार माऱ्याने साफ केली जाते, आणि चेसिस क्रमांक तिच्यावरच ठोकलेला असतो. त्या जागेवर आधी जाड टेप किंवा रबराची पट्टी लावून ती झाकली नाही, तर अक्षरे पुसट होतात आणि पुढच्या तपासणीत मालकाला नको ती उत्तरे द्यावी लागतात. पूर्ण खोलणीत बदलाचा मोहही अधिक होतो: अमुक इंजिन बसवू, तमुक एक्सल घालू, रंग वेगळा देऊ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही. त्याच प्रकारचे इंजिन बदलायचे असले तरी परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, रंगाचीही नोंद करावी लागते. जो आहे तोच संच दुरुस्त करण्याचे धोरण खिशाला आणि कायद्याला दोन्ही दृष्टींनी सोयीचे आहे.

आता पैशांकडे वळू. समजा हाती २ लाख रुपये आहेत. पूर्ण खोलणीत त्यांतला मोठा वाटा गाडी एक फूटही हलण्याआधी संपतो, कारण खोलणे, साफसफाई, चेसिसचा रंग, नवे रबर बुश, नवे नट-बोल्ट, पत्रेकाम आणि रंग हे सगळे खर्च जोडणीच्या आधी येतात. इंजिन आणि ब्रेक शेवटी राहतात आणि नेमके तेव्हा पैसे संपलेले असतात. अर्धवट खोललेल्या गाडीला बाजारात जवळजवळ भंगाराचाच भाव येतो. सुटे पडलेले भाग हरवतात आणि दोन वर्षांनी कोणता बोल्ट कुठला हे खोलणाऱ्यालाही आठवत नाही. टप्प्याटप्प्याच्या मार्गात पहिले ४० ते ५० हजार रुपये ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांसाठी बाजूला काढावेत. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या ब्रेकच्या नळ्या यांत निवड करत बसू नये, सगळे बदलावे. उरलेल्या रकमेतला मोठा भाग चेसिस आणि तळाच्या पत्र्याला द्यावा आणि रंगाला शेवटी जे उरेल ते. हे क्रमवार वाटप माझ्या मते अधिक सुरक्षित आहे, कारण काम कुठेही थांबले तरी हाती एक चालती गाडी असते.

तरीही पूर्ण खोलणीची बाजू कमकुवत नाही. केबिन वर उचलल्यावर चेसिसचा वरचा भाग, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि गिअरबॉक्स यांच्यापर्यंत सरळ हात पोहोचतो आणि जे काम गाडीखाली पाठीवर पडून दोन दिवस चालते ते उभ्याने एका दिवसात होते. मजुरी रोजावर असेल तर ही बचत खरी असते. गंजाचा बंदोबस्तही एकदाच आणि पुरता होतो. टप्प्याटप्प्याच्या मार्गात पहिल्या वर्षी केलेला तळ तिसऱ्या वर्षी पुन्हा तपासावा लागतो, कारण शेजारचा न केलेला भाग त्याला गंज देत राहतो. स्वतःचे छप्पर, स्वतःची हत्यारे आणि वेल्डिंग येणारा घरचा माणूस, या तीनही गोष्टी ज्याच्याकडे आहेत आणि गाडी रोजच्या उपयोगाची नाही, त्याने पूर्ण खोलणीचा विचार जरूर करावा.

पत्रेकामाचे नियम दोन्ही मार्गांत सारखे आहेत आणि पैसे सर्वाधिक वाया जातात तेही इथेच. गंजावर पुट्टी भरणे म्हणजे गंज झाकणे. पुट्टी ओलावा शोषते, आतला पत्रा कुजत राहतो आणि एका पावसाळ्यानंतर रंगाला फोड येतात. पत्रा जिथपर्यंत पातळ झाला आहे त्याच्या बोटभर पुढे, चकचकीत धातू लागेपर्यंत कापावा आणि त्याच जाडीचा नवा तुकडा बसवावा. बाहेरच्या पत्र्यासाठी १८ किंवा २० गेज, म्हणजे साधारण १.२ किंवा ०.९ मिलिमीटर, आणि हौद्याच्या तळासाठी १६ गेज पुरतो. गॅस वेल्डिंगची उष्णता पातळ पत्र्याला दूरपर्यंत वाकवते. म्हणून सीओटू वेल्डिंगने (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने होणाऱ्या विजेच्या वेल्डिंगने) सुटे टाके देत, जागा बदलत, मधे पत्रा थंड होऊ देत जोड पूर्ण करावा. चेसिस सँडब्लास्ट करण्यास हरकत नाही, पण दार आणि बॉनेट यांचे रुंद पत्रे त्याने लाटा येऊन बिघडतात. तिथे वायरब्रश आणि फॉस्फोरिक आम्लाचे द्रावणच बरे. साफ पत्रा इपॉक्सी प्रायमरखाली झाकावा. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर त्यातून ओलावा आत जातो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढावी आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवावी, हे प्रत्येक कारागिराला माहीत असते, पाळतात मात्र थोडे.

जीप घराण्यातल्या पिकअपला इथे एक मोठा फायदा आहे. तिचे बहुतेक पत्रे सपाट किंवा एकाच दिशेने वाकलेले असल्यामुळे साधा पत्रा वाकवणारा कारागीरही ते घडवू शकतो आणि तयार पत्रेही बाजारात मिळतात. हरियाणातले मंडी डबवाली जीपच्या बॉडीसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ आणि इंजिनाच्या यंत्रकामासाठी कोल्हापूरचे उद्यमनगर ही ठिकाणे या धंद्यातल्या लोकांना ठाऊक आहेत. टाटामोबाइलची केबिन साच्यात दाबून घडवलेली, वळणदार आहे. तिचे कोपरे हाताने घडवणे कौशल्याचे आणि म्हणून महाग पडते. त्यामुळे केबिन फार कुजलेली टाटामोबाइल तंग बजेटात घेऊ नये, हा सल्ला मी निःसंकोच देईन.

गाडी कुठली आहे यालाही महत्त्व आहे. कोकण किनाऱ्यावर बर्फातली मासळी वाहिलेल्या गाडीचा हौदा मिठाच्या पाण्याने कुजलेला असतो. क्लोराइड पत्र्याच्या सांध्यांत शिरलेले असल्यामुळे वरचा गंज घासून काढला तरी तो पुन्हा डोके वर काढतो. काम सुरू करण्याआधी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सांधे वारंवार धुऊन पूर्ण वाळवावे लागतात. सोलापूर-लातूरकडची त्याच वयाची गाडी उन्हाने रंग उडालेली दिसते, पण पत्रा पुष्कळदा ठणठणीत निघतो. चार पैसे अधिक मोजून देशावरची गाडी आणणे हे कोकणातली गाडी स्वस्तात घेण्यापेक्षा परवडते. हवामानाचा मार्गाच्या निवडीवरही परिणाम होतो. दमट हवेत उघडा केलेला पत्रा काही तासांत तांबूस होतो, म्हणून पूर्ण खोलणी पावसाळा संपल्यावर सुरू करून पुढच्या मे महिन्याच्या आत प्रायमरपर्यंत न्यावी लागते. हा वेळ मिळणार नसेल, तर एका वेळी एकच भाग उघडा करणारा टप्प्यांचा मार्गच योग्य आहे.

कारागिराशी ठरवताना पूर्ण खोलणीचे काम उक्ते देणे धोक्याचे आहे, कारण आत काय निघेल हे दोघांनाही ठाऊक नसते आणि तोटा दिसू लागला की काम रेंगाळते. टप्पे पाडून, प्रत्येक टप्प्याचे फोटो घेऊन, तो पूर्ण झाल्यावरच पैसे द्यावेत. लहान आणि स्पष्ट कामे, उदाहरणार्थ एका दाराचा खालचा काठ, उक्ती देण्यास हरकत नाही.

टप्प्यांचा मार्ग निवडणाऱ्याने पहिल्याच महिन्यात एक काम करून ठेवावे. केबिनचे बोल्ट एकेक करून भिजवावेत, सोडवावेत, ग्रीस लावून पुन्हा बसवावेत आणि जे मोडतील ते बदलावेत. पुढे तळाचा पत्रा कापल्यावर दोनपेक्षा अधिक बोल्टांच्या बैठका कुजलेल्या निघाल्या, तर त्या खालून एकेक दुरुस्त करत बसण्यापेक्षा तेवढ्यापुरती केबिन उचलणे स्वस्त पडते. बोल्ट आधीच मोकळे असतील, तर चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलण्याची कप्पी) लावून ते एका दिवसात होते.