लाकडी बाणाच्या नॉकसाठी शिंगाच्या पट्ट्या: एक पावसाळा काढल्यावर

नॉक म्हणजे बाणाच्या शेपटीकडची, दोरी अडकवायची खाच. ती चिरू नये म्हणून आत बसवायच्या म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्यांचं हे पाकीट मी गेल्या हिवाळ्यात मागवलं. तेव्हाच लिहिणार होतो, पण विक्रेत्याशी वाद चालू होता आणि रागात लिहिलेलं नंतर आपल्यालाच वाचवत नाही. आता वाद संपलाय (पैसे मिळाले नाहीत, ते पुढे सांगतो) आणि पावसाळाही सरलाय.

माझं धनुष्य 40 पौंडाचं (म्हणजे पूर्ण ओढायला लागणारा जोर), बाणांच्या दांड्या पाइनच्या, 11/32 इंची म्हणजे साधारण 8.7 मिमी. दोरीची खाच लाकडाच्या वर्तुळरेषांना आडवी घ्यायची आणि पट्टी त्या खाचेला काटकोनात बसवायची, हे बाण करणाऱ्या कोणालाही नव्याने सांगायला नको. दोरी सुटताना खाचेच्या तळावर जो दणका बसतो तो पट्टीवर जावा, लाकूड उभं चिरू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप. चिरलं तर बाण हातातच फुटतो किंवा दोरी रिकामी सुटते आणि धनुष्याला मुकायची पाळी येऊ शकते.

दिसायला हे काम फार देखणं होतं, हे आधीच कबूल. पांढऱ्या पाइनमध्ये काळी बारीक रेघ, बारीक पॉलिश पेपर फिरवला की आरशासारखी. जो बघतो तो हातात घेऊन विचारतो.

पण जाडी! पाकिटावर दीड मिमी छापलंय. व्हर्निअर लावला तर एकाच पट्टीचं एक टोक 1.2 आणि दुसरं 1.9. हॅक्सॉचं एक पातं साधारण एक मिमीची फट पाडतं, दोन पाती चिकटपट्टीने जोडली की दीड-पावणेदोन. म्हणजे फट आपण मोजूनमापून घ्यायची आणि तिच्यात घालायची वस्तू मात्र मर्जीची. पातळ टोक फटीत खुळखुळतं, तिथे अरल्डाइट भरून वेळ मारून नेता येते. जाड टोक पाचरीचं काम करतं. लाकूड फाटू नये म्हणून जी घालायची, तीच लाकूड फाडते. एका दांडीत पट्टी दाबताना ‘टक्’ असा बारीक आवाज आला. उजेडात धरून पाहिलं, काही दिसेना. वॉर्निशचा पहिला हात दिला तेव्हा लाकडाने ते पिऊन केसाएवढी रेघ वर दाखवली, पट्टीच्या टोकापासून खाली बोटभर. ती दांडी गेली कुंड्यांमधल्या टोमॅटोला आधार द्यायला.

मग प्रत्येक पट्टी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासणं आलं. शिंग म्हणजे केराटिन, केस-नखांचं भावंड. घासताना गरम झालं की केस जळल्याचा वास सुटतो आणि धूळ नाकात जाते. मास्क लावाच. आईने मला सामानासकट गॅलरीत हाकललं ते अजून आत घेतलेलं नाही.

विक्रेत्याला व्हर्निअरसकट फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘नैसर्गिक वस्तू आहे सर, फरक राहणारच.’ अहो, शिंग नैसर्गिक आहे, करवत तर नाही ना? परत करायचं तर पाकीट न फोडलेलं हवं आणि कुरिअरचा खर्च आमचा. न फोडता जाडी कशी मोजायची, या प्रश्नाला आजतागायत उत्तर नाही. बरं, एक पट्टी पडते वडापावाच्या भावात. डझनभर बाणांचा हिशोब करा.

आणखी एक. पाकिटावर ‘मेरी रोज पद्धत’ असं ठळक छापलंय. मेरी रोज हे इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं लढाऊ जहाज 1545 साली पोर्ट्समथजवळ बुडालं आणि 1982 साली वर काढलं. त्यात हजारो बाण निघाले, बरेचसे पॉप्लरचे, आणि त्यांच्या नॉकमध्ये शिंगाच्या पट्टीसाठी पाडलेली फट सुमारे 5 सेंटिमीटर लांब आहे. पाकिटातल्या पट्ट्या जेमतेम अडीच सेंटिमीटरच्या. अर्थात ती धनुष्यं शंभर पौंडांच्या वरची होती, माझ्या 40 पौंडाला अडीच सेंटिमीटर पुरून उरतात. तक्रार लांबीची नाही, मोठं नाव छापून जास्त पैसे घेण्याची आहे.

पहिला परिच्छेद सोडला तर इथवर ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘शिंग सोडा, हायलम घ्या’ असं ठोकून दिलं होतं. त्यात आता बदल करावा लागतोय.

हायलम म्हणजे जुन्या इलेक्ट्रिक बोर्डांना असायची ती तपकिरी शीट. बुधवार पेठेत इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात कापून उरलेले तुकडे किरकोळ पैशांत मिळाले. दीड मिमी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड मिमी. डोळे भरून आले. कागदाच्या थरांची शीट पापुद्र्यांनी सुटते, कापडाच्या थरांची मागून घ्या. पृष्ठभाग गुळगुळीत असतो, 80 नंबरने ओरखडल्याशिवाय अरल्डाइट धरत नाही. झटपट चिकटणारे गोंद इथे कामाचे नाहीत, ते कडक होतात आणि दणक्याने तडकतात. हायलमची धूळही शिंगाच्या धुळीएवढीच वाईट.

शिंगाचे बाण पावसाळ्यात फुगले. जुलैमध्ये नॉकवरून नख फिरवलं की पट्टीची कड लागायची, लाकडाच्या किंचित वर आलेली. ऑक्टोबरात पुन्हा सपाट. ज्यांना वॉर्निशचे तीन हात दिले होते ते ठीक राहिले. खाचेच्या आत मात्र ब्रश पोचत नाही, म्हणून काडीला कापूस गुंडाळून तिथे वॉर्निश द्यायचं. उरलेल्या पट्ट्या पिसांच्या डब्यात ठेवल्या होत्या, त्यांना कसर लागली. पिसांना लागते हे ठाऊक होतं, पण त्या अळीला पीस काय आणि शिंग काय, दोन्ही केराटिनच. आता डब्यात डांबरगोळ्या आहेत आणि बाणांना कपाटाचा वास येतो.

एवढं होऊनही शिंगाकडे थोडा परत वळलो, ते दोरीमुळे. हायलमच्या बाणांवर दोरीच्या मधल्या गुंडाळीचे तंतू सुटायला लागले. कारण खाचेच्या तळाशी हायलमची कड धारदार राहते. गोल कानस लावून, मग दोऱ्याला पॉलिश पेपर चिकटवून ओढला तेव्हा कड मोडली, पण प्रत्येक बाणाला हा उपद्व्याप आहेच. शिंग त्याच जागी आपोआप गुळगुळीत होत जातं आणि दोरीला त्रास देत नाही. हा गुण मी ऑगस्टमध्ये धरलाच नव्हता. दोरीची गुंडाळी नव्याने घालायचा कंटाळा असलेल्यांनी तो जरूर धरावा.

सध्याची व्यवस्था अशी. रोजच्या सरावाच्या बाणांना पट्टीच नाही, खाचेच्या तळाखाली सेंटिमीटरभर साध्या पॉलिस्टर दोऱ्याची घट्ट गुंडाळी आणि वर अरल्डाइट. मोच्याकडचा मेणाचा दोरा घेऊ नका, मेणावर गोंद बसत नाही. खर्च जवळपास शून्य, आणि अजून एकही नॉक चिरलेला नाही. 30 मीटरच्या वर मारायच्या बाणांना हायलम आणि गुंडाळी दोन्ही. शिंगाच्या ज्या पट्ट्या घासून सरळ झाल्या त्या एका देखण्या सेटला वापरल्या. तो सेट पाहुण्यांना दाखवायला काढतो आणि वाऱ्याच्या दिवशी आत ठेवतो, कारण गवतात हरवला तर जीव जाईल.

तरी शिंगच हवं असेल तर म्हशीचंच आहे ना, हे लेखी विचारा. सांबराचं गळून पडलेलं शिंगसुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे विकता-घेता येत नाही, आणि पॉलिश झाल्यावर नवख्याला फरक कळेलच असं नाही. दुसरं, पट्टीच्या दोन्ही टोकांना व्हर्निअर लावलेले फोटो पैसे देण्याआधी मागा. ‘साधारण दीड’ असं उत्तर आलं तर बुधवार पेठेत जा.